बंद व्हायला वेळ लावणारा वाचनालयाचा कॉम्प्युटर

प्रश्न : नमस्कार सर. राजापूर तालुक्यातल्या एका गावात ‘क’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे मी ग्रंथपाल आहे. दाखल नोंदवही आणि पुस्तकांची देवघेव आता कॉम्प्युटरवरच असते. विंडोज १०, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. गेल्या वर्षी एका तंत्रज्ञाने सगळं फॉरमॅट करून ‘सुरक्षेची सेटिंग्ज’ करून दिली. तेव्हापासून शटडाउन दिलं की पडदा काळा होतो, पण डब्यावरचे दिवे पाच-सहा मिनिटं चालूच राहतात. पावसाळ्यात विजांच्या भीतीने यूपीएस आणि भिंतीवरचं बटण बंद केल्याशिवाय मला निघता येत नाही, आणि शेवटची एसटी थांबत नाही. म्हणून मी पॉवरचं बटण दाबून धरते. लवकर बंद व्हावं म्हणून व्हिडिओत सांगतात तसा रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीतला, आकडा कमी करू का?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : ताई, आज संध्याकाळपासून पॉवरचं बटण दाबून धरणं तेवढं थांबवा. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल. दिवे चालू असतात त्या वेळात डिस्कवर लिहिणं चाललेलं असू शकतं. असं मध्येच तोडलं तर विंडोज फाइलींची रचना बहुतेक वेळा सावरून घेतं, पण फाइलीच्या आतला मजकूर शाबूत राहीलच असं नाही. तुमच्या बाबतीत तो मजकूर म्हणजे कोणाकडे कोणतं पुस्तक आहे याची नोंद. उशिराचं कारण सापडेपर्यंत एसटीच्या वीस मिनिटं आधी देवघेव थांबवा, प्रोग्राममधून रीतसर बाहेर पडा, पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, शटडाउन द्या आणि मग कपाटं लावायला घ्या.

आता रजिस्ट्रीचा आकडा. बंद होताना सेवांना, म्हणजे पडद्यामागे न दिसता चालणाऱ्या प्रोग्रामांना, आवरायला विंडोज किती वेळ देतं, ते तो आकडा ठरवतो. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळी तो वेळ २० सेकंदांचा होता, विंडोज १० मध्ये मुळातच ५ सेकंद आहे. तो दोनवर आणून तुमची पाच मिनिटं कुठून वाचणार? उलट डेटाबेस आवरता घेणाऱ्या सेवेला मात्र पुरेसा वेळ मिळणार नाही. त्या आकड्याला हात लावू नका.

तुमच्या पत्रातली कामाची खूण म्हणजे काळा पडदा. एखादा प्रोग्राम अडून बसला असता तर निळ्या पडद्यावर त्याचं नाव आलं असतं आणि ‘शट डाउन एनीवे’ असं विचारलं गेलं असतं. तसं होत नाही, म्हणजे प्रोग्राम बंद झालेत आणि वेळ त्यानंतर जातोय. पडदा काळा झाल्यावर डब्यावरचा डिस्कचा छोटा दिवा बघा. तो सतत लुकलुकत असेल तर लिहिणं चाललंय. मग माझा संशय दोन गोष्टींवर आहे.

पहिली, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून साधं शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं. सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं. रीस्टार्टच्या वेळी हे होत नाही. म्हणून एकदा शिफ्ट दाबून धरा आणि तसंच शटडाउनवर क्लिक करा. हे पूर्ण शटडाउन असतं. यात दिवे लवकर विझले तर कारण सापडलं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांची जी सेटिंग्ज आहेत, तिथे ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. सकाळी सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल. तुम्हाला घाई संध्याकाळी असते, त्यामुळे हा सौदा तुमच्या फायद्याचा आहे.

शिफ्ट धरूनही तेवढाच वेळ लागला तर दुसरी गोष्ट बघा, आणि ‘सुरक्षेची सेटिंग्ज’ हे शब्द वाचल्यापासून माझ्या मनात तीच आहे. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलीत तात्पुरता मजकूर ठेवतं, ती पेजफाइल. दर वेळी बंद होताना ही अख्खी फाइल शून्यांनी भरून पुसायची, असं एक सेटिंग आहे. गोपनीय माहिती हाताळणाऱ्या कार्यालयांत त्याला अर्थ आहे. वाचनालयात मला तरी त्याची गरज दिसत नाही. हिशेब करून बघा : फाइल ६ जीबीची आणि चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहिणारी धरली, तर पुसायलाच मिनिट जातं. डिस्क थकलेली असेल तर पाच मिनिटं सहज. विंडोज प्रो असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा. लोकल पॉलिसीज, मग सिक्युरिटी ऑप्शन्स, आणि त्या यादीत ‘शटडाउन : क्लिअर व्हर्च्युअल मेमरी पेजफाइल’ ही ओळ शोधा. ती ‘एनेबल्ड’ असेल तर ‘डिसेबल्ड’ करा. होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तिथे तेच काम रजिस्ट्रीतून करावं लागतं, ते जाणकाराला समोर बसवूनच करून घ्या.

यातलं काहीही बदलण्याआधी एक नोंद मात्र बघाच. विंडोज स्वतःच्या घडामोडी टिपून ठेवतं, त्या इव्हेंट व्ह्यूअर या खिडकीत दिसतात. तिथे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत जा. २०० क्रमांकाच्या नोंदीत बंद व्हायला किती मिलिसेकंद लागले ते असतं. २०० च्या लगतच्या पुढच्या क्रमांकांत कोणी वेळ लावला त्याचं नाव सापडू शकतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या मशीनवर मी इथूनच सुरुवात करतो. केव्हाच मोडीत गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर किंवा एकावर एक टाकलेली दोन अँटिव्हायरस अशी नावं तिथे दिसतात. फक्त महिन्यातून एखाददुसऱ्या दिवशीच उशीर होत असेल तर तो बहुधा अपडेटचा असतो. मेन्यूत ‘अपडेट अँड शट डाउन’ दिसलं की त्या दिवशी लवकर आवरायला घ्या. मात्र विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, त्यामुळे तुमच्याकडे हे कारण असण्याची शक्यता कमी.

फास्ट स्टार्टअप आणि पेजफाइल या दोन्हींचं करूनही फरक पडला नाही तर डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. तिथे ‘गुड’ऐवजी पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसलं, तर बाकी सगळं सोडून आधी नोंदींची प्रत दुसरीकडे घ्या. त्यानंतर कार्यकारी मंडळापुढे एसएसडीची, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कची, मागणी ठेवा. क वर्गाच्या अनुदानात प्रत्येक खर्चाचं कारण द्यावं लागतं, म्हणून त्या पडद्याचा फोटो अर्जाला जोडा. त्याआधी हे मशीन विंडोज ११ चालवू शकतं का, तेही बघून घ्या. चालवत नसेल तर नव्या मशीनचाच विषय काढणं बरं, कारण देवघेवीच्या नोंदींबरोबर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबरही त्यात आहेत, आणि अपडेट थांबलेल्या विंडोजवर ते सुरक्षित नाहीत.

आणि दाखल नोंदवही कागदावर लिहिणं सोडलं असेल तर पुन्हा सुरू करा, ताई. शिफ्ट धरून काय झालं आणि २०० च्या नोंदीत कोणता आकडा दिसला, ते कळवा. दोन्ही एकत्र बघितल्यावर पुढचं नेमकं सांगता येईल.