दुसऱ्या बाळाची घाई नको गं

अगं, बाळ जेमतेम 7 महिन्यांचं आणि सासूबाई ‘एकात एक दोघं वाढून जातील’ म्हणतायत, म्हणून दबून जाऊ नकोस. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान 24 महिने जाऊ द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझं तर सिझर झालंय, टाके आतूनही नीट भरायला हवेत. माझ्या दोघांत सव्वा वर्षाचंच अंतर. धाकट्याच्या वेळी हिमोग्लोबिन 8 वर आलं. थोरली ‘कडेवर घे’ म्हणून पदर ओढायची आणि माझ्याच्याने जिनाही चढवत नसे. अंगावर पाजतेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. 6 महिन्यांनंतर त्याचा भरवसा नाही, पाळी आली नसली तरी दिवस राहतात. दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायची तांबी (कॉपर-टी) सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात, हवी तेव्हा काढता येते. पस्तिशी जवळ आली असेल तर मात्र डॉक्टरांशी आत्ताच बोल. जाताना नवऱ्यालाही सोबत ने.