रानतुळशीतलं ‘रान’

प्रश्न असा आला आहे : ‘पुण्याच्या टेकड्यांवर वाटेच्या कडेला उग्र वासाची झुडपं असतात, त्यांना सगळे रानतुळस म्हणतात. रानतुळस म्हणजे तुळशीचीच जंगली जात ना? मग तिची पानं बेसिलसारखी पास्त्यात घातली तर चालतील का?’

पास्त्यात घालू नका. टेकडीवर बहुतेक वेळा जी दाखवतात, ती तुळस नव्हेच. तिचं शास्त्रीय नाव हिप्टिस स्वाव्हिओलेन्स. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आता आपल्याकडे माळरानं आणि पडीक जमिनी व्यापून बसलेलं तण. कूळ मात्र तुळस-पुदिन्याचंच, म्हणून चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि वास हे सगळं जुळतं. त्या तीन खुणांवरून कूळ कळतं, खाण्याजोगं आहे की नाही ते कळत नाही. गंमत म्हणजे लॅटिन नावातल्या ‘स्वाव्हिओलेन्स’चा अर्थ सुवासिक, मराठीत याच झाडाला दर्पतुळसही म्हणतात. पान चुरगळून पाहिलंत तर मराठी नाव जास्त खरं वाटेल.

घोळ आणखी एका कारणाने होतो. रामतुळशीलाही काही भागांत रानतुळस म्हणतात, आणि ती खरोखर तुळशीच्या वंशातली आहे. एकाच नावाची दोन झाडं! फरक फुलात पाहा. तुळशीची मंजिरी शेंड्याला, सरळ उभी येते. दर्पतुळशीची जांभळट-निळी बारीक फुलं पानांच्या बेचक्यात येतात, आणि त्यांच्या हिरव्या कपांना ताठ, टोकदार दात असतात. बोट फिरवलं की टोचतात.

बी भिजवून पाहणारेही फसतात. सब्ज्यासारखंच हेही बी पाण्यात फुगून बुळबुळीत होतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत त्याचं पेय करतात, तिथे त्याला ‘चान’ म्हणतात. म्हणजे झाड जहाल विषारी आहे असं नव्हे. पण बी पिण्यात आहे म्हणून पान जेवणात चालतं, असं होत नाही.

आता मूळ शब्दाकडे. ‘रान’ हे पूर्वपद दोन वेगळी कामं करतं. रानकोंबडा, रानडुक्कर यांत प्राणी त्याच जातकुळीतला, फक्त पाळलेला नाही. रानकांद्यात मात्र ‘रान’ म्हणजे नुसतं ‘दिसायला तसं’. तो कांद्याच्या जातीचा नाही, कापला तरी कांद्याचा वास येत नाही, आणि त्यात थेट हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. पहिला अर्थ मनात धरून तो फोडणीत टाकणं जिवावर बेतू शकतं. ‘रानभाजी’ची गोष्ट निराळी, कारण तिथे उत्तरपदच वापर सांगतं : लोक ती भाजी करून खातात. तरीही कोणती आणि कोणत्या वयाची पानं खुडायची, हे त्या गावच्या बायकांना विचारूनच ठरवावं.

रानाचा सुगंध जेवणात हवाच असेल, तर तिरफळ घ्या. झाड काटेरी, सह्याद्रीच्या जंगलातलं, पण कोकण-गोव्यात बांगड्याच्या आमटीत पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेलं. आतली काळी बी काढून टाकायची, साल तेवढी ठेचून घालायची. पास्त्यासाठी मात्र कुंडीत सब्जाच पेरा. बेसिल म्हणतात ते तेच.