चाबुकस्वार वाघावर बसत नाही

प्रश्न असा आला आहे: जुन्या सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ करणाऱ्याला 'रिंगमास्टर' म्हणणं बरोबर आहे का, की त्याला मराठीत 'चाबुकस्वार' म्हणावं?

चाबुकस्वार मुळीच म्हणू नये. जुन्या सर्कशीचा विषय निघाला की 'वाघांचा चाबुकस्वार' हा प्रयोग कानावर येतो आणि दर वेळी खटकतो. चाबुकस्वार हा घोड्याचा माणूस. कोरा, बुजरा घोडा फिरवून स्वारीला तयार करणं हे त्याचं काम. आपल्याकडे सर्कस उभी केली तीही अशाच अश्वविद्येतल्या माणसानं, विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० साली. तेव्हा शब्द सर्कशीच्या घरचाच आहे, पण तबेल्यातला, पिंजऱ्यातला नव्हे.

त्यातही 'हातात चाबूक घेतलेला स्वार' अशी त्याची फोड करणारे स्वतःला व्युत्पत्तीचे जाणकार म्हणवतात, याचं नवल वाटतं. फारसीत 'चाबुक' हे मुळात विशेषण आहे: चपळ, चलाख. 'चाबुकसवार' म्हणजे चपळ, कसलेला स्वार. हात रिकामा असला तरी तो चाबुकस्वारच. चाबूक या वस्तूला हे नाव मिळालं ते तिच्या चपळाईवरून. आणि काय चपखल मिळालं! चाबूक झटकला की लाट जाड मुठीकडून निमुळत्या टोकाकडे धावते. पुढे पुढे हलवायला वजन कमी उरतं, म्हणून वेग वाढत जातो आणि टोक आवाजाच्या वेगापुढे, सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या पुढे जातं. 'फट्' हा आवाज त्याचा. तो हवेतच होतो, कातडीवर नव्हे. हाच शब्द हिंदुस्थानीतून मलायात 'चाम्बुक' झाला आणि डचांबरोबर दक्षिण आफ्रिकेत पोचून 'शाम्बोक' झाला, गेंड्याच्या किंवा पाणघोड्याच्या कातड्याचा. चपळाईचा शब्द इतका लांब पळावा, हे शोभूनच दिसतं.

पिंजऱ्यात चाबूक मारण्यासाठी नसतो, हेही त्यामुळे कळतं. शिक्षक जनावरांच्या आधी आत जातो, म्हणजे जागा त्याची ठरते. सिंहाकडे एक पाऊल टाकलं की ठरावीक अंतरापर्यंत सिंह मागे सरतो. पाठ गजांना टेकली आणि शिक्षक आणखी पुढे आला, की तो उलटून अंगावर येतो. मधे स्टूल ठेवलेलं असलं तर त्यावर चढतो. त्याच क्षणी शिक्षकानं मागे सरायचं, चाबूक खाली करायचा आणि काठीच्या टोकाला लावलेला मांसाचा तुकडा पुढे करायचा. हे रोज, न चुकता. चाबूक म्हणजे लांबवलेला हात: कुठे जा, कुठे थांब एवढं सांगणारा. मागे जायला जागा नसताना तो वाजवला किंवा शिक्षकाचा पाय घसरून तो खाली पडला, तर खेळ तिथेच हाताबाहेर जातो.

राहिला रिंगमास्टर. इंग्रजीत तो खेळांची घोषणा करणारा, म्हणून मराठी वापर चुकीचा, असं काही शुद्धतावादी ठासून सांगतात. त्यांनी अर्धाच इतिहास वाचलेला असतो. फिलिप अ‍ॅस्लेनं १७६८ साली लंडनमध्ये गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट असा रूढ झाला. त्या रिंगणाच्या मधोमध उभा राहून लांब चाबकानं घोड्याची चाल एकसारखी राखणारा तो रिंगमास्टर. घोषणा नंतर त्याच्या गळ्यात पडल्या. मराठीनं जनावर आणि चाबूक दोन्ही त्याच्याकडे ठेवले, म्हणजे जुन्या अर्थाच्या जवळ आपणच आहोत. वाघ-सिंहांचे खेळ करणाऱ्या दामू धोत्र्यांना रिंगमास्टर म्हणताना कुणी अडखळू नये.

आणि 'हंटर' म्हणजे शिकारी नव्हे. शिकारीच्या वेळी घोडेस्वार बाळगत तो इंग्रजी चाबूक. म्हणजे इथेही पुन्हा घोडाच.