कराराचं शेपूट

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. मंडळाच्या दिवाळीत तू घाईघाईत विचारलंस, "काका, पस्तिशीला टेकलेल्या खेळाडूला बाजारभावापेक्षा जास्त मोजावेत का?" मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी तुला फराळाकडे ओढून नेलं. बरंच झालं. तिथे उभ्याउभ्या मी "छे, मुळीच नाही" म्हणून मोकळा झालो असतो, आणि ते उत्तर अर्धंच खरं आहे.

परवा तुझी ईमेल वाचली. तुझ्या बेसबॉल क्लबच्या साहेबांना तीन पानांचं टिपण हवंय. खेळाडू चौतीस वर्षांचा, पहिल्या बेसवर उभा राहणारा, अंगानं दणकट. एजंट पाच वर्षांवर अडून बसलाय आणि तुझं मॉडेल म्हणतंय, दोनच्या पुढे जाऊ नका. त्याचं नाव कळवलं नाहीस ते योग्य केलंस. मी ओळखलंय, पण लिहिणार नाही.

मी काही बेसबॉलच्या धंद्यातला नाही. जन्मभर एका मोटार कंपनीत वॉरंटीचा हिशेब केला. कुठला भाग किती हिवाळे टिकेल, कधी मोडेल, मोडला तर कंपनीच्या खिशाला किती भोक पडेल, एवढंच. १९८४ मध्ये सांगलीहून डेट्रॉइटला आलो, त्याच ऑक्टोबरात इथल्या टायगर्स संघानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. मला वाटलं इथे दरवर्षीच असं होत असेल. अजून वाट बघतोय.

आधी तुझ्या प्रश्नातला "जास्त" हा शब्द घेऊ. सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय मेजर लीगमधला, म्हणजे इथल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमधला, खेळाडू फ्री एजंट (हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा) होत नाही. पहिली तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास (२०२५ साली तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन लवादाच्या आकड्यावर. त्यामुळे गडी मोकळा होऊन बाजारात उतरतो तोवर तिशी आलेली असते, आणि फलंदाजाचा ऐन बहर सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास येऊन गेलेला असतो. अल्बर्ट पुहोल्सनं २००१ मध्ये पदार्पणातच ३७ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे) मारले, तेव्हा त्याला मिळत होते दोन लाख डॉलर. म्हणजे उतारवयात जे जास्तीचं दिसतं, त्यात तरुणपणीची थकबाकी असते. खेळाडूनं ती मागण्यात काही गैर नाही. १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला, तोपर्यंत तर मागायचीही सोय नव्हती. मेख एवढीच की थकबाकी ठेवणारा संघ एक असतो आणि फेडणारा दुसरा. तू फेडणाऱ्याच्या बाजूला बसली आहेस.

तुझ्या आजोबांनी मला फोनवर विचारलं, "अहो, खेळत नसेल तर काढून टाका की!" त्यांच्या डोळ्यांपुढे आयपीएल. तिथे हंगाम संपला की खेळाडूला मोकळं करता येतं आणि पर्सला मर्यादा असते. इथे पगाराला कमाल मर्यादा नाही आणि करार म्हणजे दगडावरची रेघ. घरी पाठवलात तरी चेक जातच राहतो.

आता २०११ चा हिवाळा बघ, कारण तुझं अख्खं टिपण त्या एका हिवाळ्यात सापडेल. सेंट लुइस कार्डिनल्सनी नुकतीच वर्ल्ड सिरीज जिंकली होती आणि पुहोल्स मोकळा झाला होता. तीन वेळा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), वय एकतीस, जानेवारीत बत्तीस. एंजल्सनी त्याला दहा वर्षांचे २४ कोटी डॉलर दिले. कार्डिनल्स तेवढं द्यायला तयार झाले नाहीत, गावात बोंबाबोंब झाली. मग त्यांनी काय केलं? चौतीस वर्षांचा कार्लोस बेल्ट्रान घेतला. तुझ्या खेळाडूच्याच वयाचा, गुडघ्यांची दुखणी घेऊन आलेला. करार दोन वर्षांचा, २ कोटी ६० लाखांचा. त्यानं पहिल्या वर्षी ३२ आणि दुसऱ्या वर्षी २४ होमरन दिले आणि तो गेला. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून एंजल्सची ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू निवडण्याच्या फेरीतली) १९ वी निवड कार्डिनल्सकडे आली, तिच्यावर त्यांनी मायकल वाका हा पोरगा घेतला. २०१३ मध्ये नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा एमव्हीपी तोच झाला आणि कार्डिनल्स पुन्हा वर्ल्ड सिरीजमध्ये.

आणि एंजल्स? त्यांच्याकडे २०१२ पासून माइक ट्राउट होता, सुरुवातीची दोन वर्षं किमान पगाराच्या आसपास खेळणारा. असं घबाड कुणाला मिळतं! तरी पुहोल्सच्या दहा वर्षांत एंजल्स प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) एकदाच गेले, २०१४ मध्ये, आणि कॅन्सस सिटीकडून तीन सामन्यांत गारद झाले. मे २०२१ मध्ये, करार संपायच्या आधीच, त्यांनी पुहोल्सला मोकळं केलं. लोक म्हणतात शेवटची पाच वर्षं वाया गेली. मी म्हणतो आधीची बघा. दुसऱ्याच वर्षी पायाचं दुखणं बळावलं आणि जेमतेम ९९ सामने झाले. शेपटाची सगळ्यांनाच भीती असते, पण पुढचा हत्तीही जाहिरातीएवढा मोठा नव्हता.

मुद्दा असा. अशा करारात संघ खरं तर पहिली दोन-तीन वर्षं विकत घेत असतो. उरलेली म्हणजे त्यांचे हप्ते. म्हणून साहेबांना "हा खेळाडू पाच वर्षं टिकेल का" याचं उत्तर देत बसू नकोस, ते आत्ताच सांगून टाक: टिकणार नाही. पुढची दोन वर्षं आपल्याला एवढी महाग घ्यायची आहेत का, घेऊन आपण जिंकण्याच्या जवळ आहोत का, आणि हप्ते चालू असताना त्याला बाकावर बसवायची हिंमत आहे का, हे विचार. तिसरा प्रश्न सर्वात अवघड, आणि तो कुठल्याच मॉडेलमध्ये नसतो.

आमच्या डेट्रॉइटचं सांगतो. माइक इलिच, पिझ्झावाले, टायगर्सचे मालक, २०१२ च्या जानेवारीत ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा फलंदाज व्हिक्टर मार्टिनेझचा गुडघा गेला, तर त्यांनी प्रिन्स फील्डरला नऊ वर्षांचे २१.४ कोटी दिले. हौसेला मोल नसतं. आणि त्या वयात माणूस २०२० चा विचार का करेल? संघ त्या वर्षी वर्ल्ड सिरीजला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून चारही सामने हरला. २०१३ संपता संपता फील्डर टेक्सासला गेला, वर टायगर्सनी ३ कोटी मोजले. पुढे मानेच्या दुखण्यानं बिचारा बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

२०१४ चा मार्च मला आजही बोचतो. टायगर्सनी मॅक्स शर्झर या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सहा वर्षांचे १४.४ कोटी देऊ केले, त्यानं नकार दिला आणि क्लबनं चिडून तसं जाहीरही करून टाकलं. लगोलग फलंदाज मिगेल काब्रेराला आठ वर्षांची वाढ दिली, २४.८ कोटींची. त्याचा जुना करार अजून दोन वर्षं बाकी होता! घाई कुणाला होती? शर्झर पुढच्या हिवाळ्यात वॉशिंग्टनला गेला, सात वर्षं, २१ कोटी. तिथे दोन साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), २०१९ ची वर्ल्ड सिरीज. काब्रेरानं त्या आठातलं एक वर्ष जोरात दिलं, २०१६ चं, ३८ होमरन. मग पाठ, दंडाचा स्नायू, गुडघा. खरं सांगू? त्या मार्चमध्ये मला कुणी विचारलं असतं, तर मीही काब्रेराच म्हटलं असतं. पिचरचा खांदा कधी जाईल सांगता येत नाही, आणि २०१२ मध्ये काब्रेरानं ट्रिपल क्राउन (फलंदाजीच्या तिन्ही मुख्य आकड्यांत पहिला नंबर) मिळवलेला, पंचेचाळीस वर्षांत कुणालाच न जमलेला. आपली माणसं हिशेबात मोठी दिसतात.

२३ एप्रिल २०२२ ला मी टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कवर होतो. दोन दिवस आधी यांकीजनी काब्रेराला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे फटका मारू न देता बेसवर जाऊ दिलं, म्हणून सगळ्या स्टेडियमनं हुर्यो केली होती, आदल्या दिवशी पाऊस. त्या शनिवारी पहिल्याच डावात त्यानं उजवीकडे एक साधा सिंगल (एका बेसचा फटका) मारला, कारकिर्दीतला तीन हजारावा यशस्वी फटका. माझ्या शेजारची सत्तरीची बाई रडली. मीही डोळे पुसले. मग सवयीनं खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि उरलेला वेळ तो बॅटपासून पहिल्या बेसपर्यंत किती सेकंदांत पोचतो ते मोजत बसलो. उजव्या हाताच्या सर्वसाधारण खेळाडूला सव्वाचार सेकंदांच्या वर थोडा वेळ लागतो. याला किती लागत होता ते लिहीत नाही, आवडता माणूस आहे. त्या हंगामात त्याचे होमरन झाले पाच आणि पगार होता ३.२ कोटी. पैसा मालकाचा होता, त्याचं मला काही नाही. पण डेझिग्नेटेड हिटरची (फक्त बॅटिंग करणाऱ्याची) जागा वर्षानुवर्षं त्याच्या नावानं लागलेली राहिली, आणि एखाद्या तेवीस वर्षांच्या पोराला त्या जागेवर चुका करायला मिळायला हव्या होत्या, त्या मिळाल्या नाहीत. वाया जातात त्या या बॅटिंगच्या संध्या, आणि त्या कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत.

तुझ्या मॉडेलबद्दल एक शंका. ते कुठल्या आकड्यांवर बांधलंय? छत्तिसाव्या वर्षीच्या खेळाचे आकडे फक्त छत्तिसाव्या वर्षी मैदानावर असलेल्यांचेच असतात. जे मोडले ते यादीतून गळाले. मीच यात एकदा सपशेल आपटलोय. एका भागाची वॉरंटी वाढवायची होती, मी पहिल्या तीन वर्षांचे दावे घेतले, रेघ पुढे ओढली आणि आकडा दिला. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. गंज आतून खात होता आणि वर आला पाचव्या हिवाळ्यात. माझा अंदाज अर्ध्यानं चुकला. साहेब ओरडले नाहीत, नुसती फाइल परत दिली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता उलट बाजूही लिही, नाहीतर साहेब म्हणतील पोरगी घाबरट आहे. रँडी जॉन्सन पस्तीस वर्षांचा असताना ॲरिझोनानं त्याला चार वर्षांचे सुमारे ५.२ कोटी दिले. त्यानं लागोपाठ चार साय यंग आणि २००१ ची वर्ल्ड सिरीज दिली. नेल्सन क्रूझला सिएटलनं चौतिसाव्या वर्षी चार वर्षांचे ५.७ कोटी दिले तेव्हा लोक हसले. त्यानं ४४, ४३, ३९, ३७ असे होमरन मारले. करार सोन्यासारखा, पण त्या चारही वर्षांत सिएटल प्लेऑफला गेलं नाही. भोवती संघ नसेल तर स्वस्तात मिळालेला म्हातारासुद्धा महागच.

न्यूयॉर्क मेट्सची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. २०२३ मध्ये त्यांच्याकडे शर्झर आणि व्हर्लँडर हे पिचर, दोघंही चाळिशीच्या उंबऱ्यावर, दोघांना वर्षाला ४.३३ कोटी. जग म्हणालं, वेड लागलंय. संघ पडला, ७५ जिंकले, ८७ हरले. पण करार आखूड होते, म्हणून जुलै-ऑगस्टच्या वळणावर दोघंही विकता आले, बराच पगार स्वतः भरून, आणि बदल्यात उमेदीची पोरं मिळाली. दर भरमसाट होता, वर्षं कमी होती. मला विचारशील तर चूक करायचीच असेल तर अशी करावी. वर्षाला दोन-चार मिलियन चढवून दे, पण चौथं आणि पाचवं वर्ष देऊ नकोस.

यावर तुला वित्त विभागातून एक हुशार उत्तर येईल: वर्षं वाढवली की सरासरी खाली येते, आणि लक्झरी टॅक्स (एकूण पगार ठरावीक पातळीपुढे गेला की क्लबनं भरायचा कर) सरासरीवर लागतो. बरोबर आहे. म्हणूनच पाद्रेस संघानं तिशीतल्या बोगार्ट्सला अकरा वर्षांचे २८ कोटी दिले. कर वाचतो, पण चाळिशीच्या माणसानं अडवलेली रोस्टरवरची (संघाच्या यादीतली) जागा कोण वाचवणार ते त्यांना विचार. आणि लांबणीवर टाकलेल्या रकमांचं व्याज तू स्वतः काढ, दुसऱ्याच्या शीटवर विसंबू नकोस. मेट्सनी बॉबी बोनिया या खेळाडूचे ५९ लाख आठ टक्क्यांनी पुढे ढकलले, ते २०३५ पर्यंत दर १ जुलैला जवळजवळ बारा लाख देत बसलेत.

टिपणात आकड्यांच्या खाली एक परिच्छेद साध्या भाषेत असू दे. कुठल्या तारखेला, कुठला आकडा दिसला की आपण त्याला रोजच्या संघातून काढू. आधी लिहून ठेव आणि साहेबांची सही घे. करार झाल्यावर हे कुणीच लिहीत नाही, कारण तोवर त्याचा जर्सी घातलेला फोटो इमारतीवर लागलेला असतो.

आणि जमलं तर त्याला प्रत्यक्ष बघ. होमरन बघू नकोस, ते शेवटी जातात. शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे) साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा चेंडू, गेला की तो पहिली चार पावलं कशी टाकतो ते बघ. माझं स्टॉपवॉच उद्याच्या टपालानं पाठवतोय. सेल नवीन घातलाय, डावीकडचं बटण जरा जोरात दाबावं लागतं.

तुझा,
काका