हनुवटी पुढे आणायची, पण कशी?

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, हनुवटी मागे दबलेली. एक डॉक्टर आत सिलिकॉनचा तुकडा बसवा म्हणतात, दुसरे हाड कापून पुढे घेऊ म्हणतात. काय करावं? (एक आई, मालवण)

उत्तर : ताई, आधी त्याचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, तपासा. दाढा नेहमीसारख्या मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्यांच्या पुढे २-३ मिलिमीटर असणं ठीक. त्याहून बरंच जास्त असेल, तर दोष जबड्यातच असू शकतो. मग सिलिकॉनने चेहरा बदलेल, चावा नाही. त्याला आधी दातांना तारा आणि मग जबड्याचं ऑपरेशन लागतं, म्हणजे दीड-दोन वर्षं धरा.

चावा नीट असेल आणि थोडाच फरक हवा असेल, तर सिलिकॉन सोपं. नको वाटलं तर काढताही येतं. पण ते सरकू शकतं, त्याच्याखालचं हाड झिजवू शकतं, आणि जंतुसंसर्ग झाला तर बहुधा काढावंच लागतं.

फरक मोठा असेल किंवा हनुवटीची उंचीही बदलायची असेल, तर आमचा कल हाडाकडे. ओठाच्या आतून चीर देतात, हनुवटीचा तुकडा आडवा कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने स्क्रू लावून बसवतात. बाहेर व्रण नाही. हाड त्याचं स्वतःचंच, ते जुळून येतं. शेजारूनच ओठाची नस जाते, म्हणून खालचा ओठ काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहू शकतो, काहींना कायमचा. हे डॉक्टरांकडून स्पष्ट वदवून घ्या.

नंतर काही दिवस पेज, कुळथाची पिठी, मऊ भात. तोंडातली जखम भरेपर्यंत काट्यांचे मासे नकोत. तंबाखू असेल तर आधीच सुटायला हवी, जखम त्यानेच चिघळते.