पाच महिने अंगावर पित्त उठतंय: पॅनेल, स्टेरॉइड की इंजेक्शन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच महिने अंगावर गांधी उठताहेत. खाज सुटली की सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी घेता. ॲलर्जीसाठी केलेल्या रक्ततपासणीच्या पॅनेलमध्ये दूध, गहू, अंडी, शेंगदाणे असं बरंच काही पॉझिटिव्ह आलं म्हणून निम्मा आहार बंद केलाय. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सगळं गायब झालं आणि गोळ्या संपताच परत आलं. आता एक डॉक्टर सेटिरिझिनचा डोस वाढवा म्हणतात, दुसरे ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन सुचवतात.

मी डॉक्टर नाही, पण हा आजार बरीच वर्षं सोबत आहे. माझ्या मते आधी डोस, नंतर गरज पडली तरच इंजेक्शन. आणि पॅनेलचा कागद फाइलमध्ये सगळ्यात खाली.

सहा आठवड्यांहून जास्त टिकलेलं पित्त बहुतेक वेळा बाहेरच्या कशाने होतच नाही. त्वचेतल्या मास्ट पेशी आपल्या आपण हिस्टामीन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात. बऱ्याच जणांत शरीराने स्वतःविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीच त्यांना डिवचत असतात. खाण्याच्या खऱ्या ॲलर्जीची चाल वेगळी असते: पदार्थ पोटात गेला की काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास, आणि तोही जवळजवळ दर वेळी. तुमच्या गांधी पहाटे उठतात, जेवणाशी त्यांचा मेळ बसत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. पॅनेलमधलं पॉझिटिव्ह म्हणजे शरीर तो पदार्थ ओळखतं, इतकंच. तो खाऊन त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. तपासणी आयजीजी या अँटिबॉडीची असेल तर तिचा अर्थ ‘हा पदार्थ तुम्ही खाता’ एवढाच निघतो, आणि ते तुम्हाला पैसे न भरताही ठाऊक होतं. जे आजवर बिनधास्त खात होतात ते डॉक्टरांच्या कानावर घालून परत सुरू करा. मात्र एखाद्या पदार्थाने कधी ओठ-जीभ सुजली असेल, उलट्या किंवा धाप लागली असेल, तर तो घरी आजमावून बघू नका.

आता गोळीकडे. खाज सुटल्यावर गोळी घेणं म्हणजे चोर पळाल्यावर दाराला कुलूप लावणं. हिस्टामीन आपल्या जागी बसण्याआधी गोळीने ती जागा अडवलेली हवी, म्हणून ती रोज, ठरल्या वेळी, गांधी असोत वा नसोत. दोन ते चार आठवड्यांत ताबा आला नाही तर तीच गोळी चौपट डोसपर्यंत वाढवता येते, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. पाकिटावर छापलेल्या डोसपेक्षा तो जास्त असतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नको. मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. सेटिरिझिनने पेंग येत असेल तर फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनबद्दल विचारा (बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यायची असते). दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांची भेळ करण्यापेक्षा एकच वाढवणं बरं.

प्रेडनिसोलोनने आलेला आराम खरा असतो, म्हणूनच त्याचा मोह वाईट. फार भडका उडाला तर थोडे दिवस, जास्तीत जास्त दहा, ठीक. त्यापुढे साखर, रक्तदाब, हाडं सगळ्यांचं बिल येतं, आणि पित्त तिथंच राहतं.

डोस पुरतोय की नाही हे ‘जरा बरंय’ म्हणून ठरत नाही. रोज झोपण्याआधी मागच्या चोवीस तासांचे दोन आकडे लिहा. गांधी नाहीत तर 0, वीसच्या आत 1, पन्नासपर्यंत 2, त्याहून जास्त 3. खाजेलाही तसेच 0 ते 3. सात दिवसांची बेरीज 42 पर्यंत जाऊ शकते. ती 6 किंवा त्याखाली असेल तर ताबा चांगला. पूर्ण डोसवरही ती चढीच राहिली, की ओमॅलिझुमॅबचा विषय काढायचा.

ते स्टेरॉइड नाही. अमेरिकेत 2003 साली दम्यासाठी आणि 2014 साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. नेहमीचा डोस दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. कुणाला आठवड्यात फरक पडतो, कुणाला सहा महिने थांबावं लागतं. रक्तातली एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित अँटिबॉडी) फार कमी असेल तर प्रतिसाद उशिरा किंवा कमी येण्याची शक्यता जास्त, म्हणून ती तपासणी पहिल्या इंजेक्शनआधीच करा, नंतरचा आकडा फसवा असतो. क्वचित तीव्र रिअॅक्शन येते, त्यामुळे सुरुवातीचे डोस दवाखान्यातच. आणि हे औषध आजार दाबतं, मुळापासून उपटत नाही.

हे सगळं निदान बरोबर आहे असं धरून. एक सोपी तपासणी आजच करा: ताज्या गांधीभोवती बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहून ठेवा. चोवीस तासांत ती जागा साफ व्हायला हवी. तीच गांधी दुसऱ्या दिवशीही तिथंच असेल, खाजेपेक्षा दुखत असेल, जाताना काळा-निळा डाग सोडत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घ्यावी लागते आणि त्वचेची बायोप्सी लागते. गांधी न उठता नुसतेच ओठ किंवा चेहरा सुजत असेल तर रक्तदाबाच्या गोळ्या बघा, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर डॉक्टरांना लगेच कळवा. घरात आणखी कुणाला तशी सूज येत असेल तर आनुवंशिक प्रकारही असू शकतो, त्यावर ना सेटिरिझिन चालते ना स्टेरॉइड. जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर इथे लिहीत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेत असाल तर तेही नोंदवा, बऱ्याच जणांचं पित्त त्याने भडकतं. पण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. थायरॉइडची अँटिबॉडी तपासणी झाली नसेल तर ती मात्र करण्यासारखी आहे.

आणि एखादा आठवडा कोरा गेला म्हणून गोळी सोडायची नाही. काही महिने सलग शांत गेले की डॉक्टरांशी बोलून एकेक गोळी कमी करा, आणि आकडे परत चढले तर आधीच्या डोसवर या.