आईचं वय सत्तर, हल्ली विसरायला होतं. गिंको किंवा ब्राह्मीच्या गोळ्या सुरू करू का?

नका करू, आधी बी-12, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि कान तपासून घ्या. गिंकोवर अमेरिकेत 3,000हून जास्त ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली, 2008मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. ब्राह्मीचे अभ्यास छोटे, थोड्या आठवड्यांचे. बी-12चं मात्र वेगळं आहे. शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत ते बरेचदा कमी निघतं, आणि त्यामुळे आलेला विसराळूपणा वेळेवर उपचार केल्यास सुधारू शकतो.

जीवनशैलीसाठी भक्कम आधार फिनलंडच्या फिंगर अभ्यासाचा (2015). 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांपैकी ज्यांनी आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सगळं दोन वर्षं एकत्र केलं, त्यांचे चाचण्यांतले गुण इतरांपेक्षा जास्त सुधारले. एकट्या शब्दकोड्यांवर भागत नाही. कमी ऐकू येत असेल तर मशीन लावाच. ऐकू न येणारं माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला पडतं.

फक्त एक लक्षात घ्या, फिंगर अभ्यासातल्या लोकांना स्मृतिभ्रंश झालेला नव्हता. आई ओळखीचा रस्ता चुकत असेल किंवा गॅस चालू ठेवून वारंवार विसरत असेल, तर थेट न्यूरोलॉजिस्टकडे न्या.